इंजिन तर बसेल, पण बाकीच्या गाडीचं काय? जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन घरी बदलताना काय काय बदलावं लागतं

मोबाईलवर असे व्हिडिओ सध्या ढिगाने येतात. परदेशातल्या कुठल्यातरी घराचं शटर वर जातं. आत दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार धूळ खात पडलेली असते. दहा मिनिटांत तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन बसतं आणि गाडी रस्त्यावर काळे पट्टे ओढत निघून जाते. तालुक्याच्या गॅरेजसमोर बसलेली पोरं ते बघतात आणि मिस्त्रीला विचारतात, "आपल्या गाडीत बसंल का हो असं?" मिस्त्री हात पुसत म्हणतो, "न बसायला काय झालं? पैसे टाका, काय बी बसतंय."

मिस्त्री खोटं बोलत नाही. इंजिन बसतं. पण विहिरीवरची तीन एचपीची मोटर काढून तिथे साडेसातची टाकली तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मोटर फिरते झकास. मग केबल तापते, स्टार्टर जळतो आणि तेही निभावलं तर पाइप फुटतो. गाडीचंही तसंच आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत काही महिन्यांचं काम कापून टाकलेलं असतं, आणि कापलेलं बहुतेक काम इंजिनाचं नसतंच. ते इंजिनाच्या आजूबाजूचं असतं.

हे नीट कळण्यासाठी एक खरी गाडी घेऊ. इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात इंजिन बदलण्यासाठी सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या गाड्यांपैकी ती एक आहे. नाव एमजीबी.

अँबेसिडरच्या भावाचं इंजिन

एमजीबी ही दोन सीटची, टप उघडता येणारी गाडी. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेत गेल्या. पुढे तिचीच बंद टपाची आवृत्ती आली, तिला जीटी म्हणत.

तिचं इंजिन आपल्याला अगदीच परकं नाही. चार सिलिंडरचं, १७९८ सीसीचं हे बिडाचं इंजिन ब्रिटिश कंपनीच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. आपल्या अँबेसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, तेही याच घराण्यातलं. म्हणजे तहसीलदार साहेबांची पांढरी गाडी आणि इंग्लंडमधल्या शौकिनांची लाल गाडी, दोन्हींच्या बोनेटखाली सख्खे नाही तरी चुलत भाऊ होते. मजबूत, दुरुस्तीला सोपं, पण पळण्यात बेताचं. सुरुवातीच्या एमजीबीत त्याची ताकद ९५ एचपीच्या आसपास होती. १९६२ साली ती चांगली होती. दहा वर्षांनी साध्या घरगुती गाड्याही तेवढं पळायला लागल्या आणि स्पोर्ट्स कार नुसती नावाला उरली. मग मोठं इंजिन टाकायचा विचार येणारच.

आधी कंपनीच फसली

पहिला प्रयत्न घरच्या मिस्त्रीने केला नाही, कंपनीने केला. १९६७ मध्ये एमजीसी नावाची गाडी आली. बाहेरून एमजीबीच, आत मात्र सहा सिलिंडरचं २९१२ सीसीचं, १४५ एचपीचं इंजिन. कागदावर दीडपट ताकद. पण हे इंजिनही बिडाचंच होतं आणि आधीच्यापेक्षा जवळपास ९५ किलोने जड. ते लांबही होतं. ते बसवायला पुढचं सस्पेन्शन पार बदलावं लागलं आणि बोनेटला फुगवटा काढावा लागला.

गाडी सरळ रस्त्यावर पळायची. वळणावर मात्र तोंड जड पडायचं. स्टेअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जायला बघायचं. ट्रॅक्टरला पुढे जादा वजन लावून रिकामा पळवला की जसं वाटतं, तसंच काहीसं. मोटारींच्या मासिकांनी झोडपलं, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. दोन वर्षांत सुमारे नऊ हजार गाड्या काढून १९६९ मध्ये कंपनीने ती बंद केली.

इंजिन बदलणाऱ्याने एमजीसीची ही गोष्ट आधी वाचावी. इंजिन घेताना पहिला प्रश्न 'किती एचपी' हा नसतो. 'किती किलो' हा असतो, आणि ते किलो पुढच्या चाकांवर किती येणार, हा असतो.

मग कॉस्टेलो आला

त्याच सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या, रेसिंगचा नाद असलेल्या एका इंग्रज मिस्त्रीला वेगळी वाट सुचली. अमेरिकेत बुइक कंपनीने १९६१ च्या मॉडेलसाठी आठ सिलिंडरचं, व्ही आकाराचं, पूर्ण अॅल्युमिनियमचं साडेतीन लिटरचं इंजिन बनवलं होतं. दोन-तीन वर्षांतच त्यांनी ते सोडून दिलं. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि १९६७ पासून ते आपल्या मोठ्या गाड्यांत वापरलं. ३५२८ सीसी, पण ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे. त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजन एमजीबीच्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाच्या जवळपास तेवढंच. आणि व्ही आकारामुळे लांबीला आखूड.

कॉस्टेलोने हे इंजिन एमजीबीत बसवलं आणि १९७० च्या सुमारास तशा गाड्या तयार करून विकायला सुरुवात केली. कंपनीच्या साहेबांनी त्याची गाडी मागवून पाहिली. १९७३ मध्ये कंपनीने स्वतःचीच एमजीबी जीटी व्ही एट बाजारात आणली. ज्या कंपनीचं स्वतःचं डिझाइन चार वर्षांपूर्वी आपटलं होतं, तिने एका छोट्या वर्कशॉपवाल्याची कल्पना उचलली, असंच म्हणावं लागेल.

कंपनीने बसवलेलं इंजिन मात्र मुद्दाम सौम्य होतं. रेंज रोव्हरसाठीचं कमी कॉम्प्रेशनचं, १३७ एचपीचं. याहून ताकदीचं तेच इंजिन त्यांच्याच दुसऱ्या गाडीत होतं, तरी ते घेतलं नाही. कारण पुढच्या भागात येईल. गाडी २०० किलोमीटरच्या वेगापर्यंत जायची. पण त्याच वर्षी अरब देशांनी तेल अडवलं, पेट्रोल कडाडलं आणि आठ सिलिंडरची हौस महाग झाली. १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या निघाल्या आणि विषय संपला.

कंपनीचा संपला, घरच्या मिस्त्र्यांचा नाही. नवी गाडी मिळत नाही आणि जुन्या व्ही एटची किंमत परवडत नाही म्हटल्यावर लोकांनी साधी एमजीबी घ्यायची, भंगारातल्या रोव्हरचं इंजिन आणायचं आणि स्वतःच बसवायचं, हा धंदा सुरू केला. तो आजही चालू आहे.

प्रत्यक्षात काय होतं?

जुनं इंजिन काढणं हा सोपा भाग. बॅटरी सोडायची, पाणी आणि ऑइल काढायचं, बोनेट उतरवायचं, वायरी आणि पाइप सोडताना प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची. मग चेन कप्पी किंवा भाड्याने आणलेली छोटी क्रेन लावून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच तिरपे वर काढायचे. दोन माणसं असतील तर शनिवार-रविवारचं काम. यात जीव जातो तो एकाच चुकीने. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणं. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवायला खाली लोखंडी घोडी लागते. आपल्याकडेही ट्रॉलीखाली दगड लावून झोपणारे आहेतच.

आता नवं इंजिन आत उतरवलं. इथून खरं काम सुरू होतं.

पहिली अडचण जागेची. व्ही एट रुंद असतं. दोन्ही बाजूंना सिलिंडर असल्यामुळे सायलेन्सरकडे जाणारे मॅनिफोल्डही दोन्ही बाजूंना निघतात. इंग्लंडमध्ये आपल्यासारखंच स्टेअरिंग उजवीकडे. म्हणजे उजवीकडचा लालभडक तापणारा पाइप आणि स्टेअरिंगचा दांडा एकाच जागेसाठी भांडतात. पाइप दांड्याला घासला तर स्टेअरिंग अडकणार, जवळून गेला तर दांड्यावरचा क्रॉस जॉइंट भाजून सुकणार. यावर कोणी इंजिनाला चिकटून जाणारे खास मॅनिफोल्ड लावतं, तर कोणी आतल्या पत्र्याला भोक पाडून पाइप मडगार्डच्या बाजूने बाहेर काढतं. १९९३ मध्ये कंपनीने एमजीचीच 'आरव्ही एट' ही गाडी काढली, तिच्यात हीच दुसरी पद्धत आहे. १९७४ च्या शेवटी आलेल्या काळ्या रबरी बंपरच्या एमजीबीत आतला पत्रा व्ही एटला जागा होईल असाच बनत होता. जुन्या क्रोमच्या बंपरच्या गाडीत पत्रा ठोकावा लागतो. गाडी घेताना हौशी लोक चकचकीत क्रोम बघतात. इंजिन बदलणारा रबरी बंपर शोधतो.

इंजिनाखालचं ऑइल चेंबर पुढच्या आडव्या बीमवर टेकता कामा नये, वर कार्ब्युरेटर बोनेटला लागता कामा नये. मधे जी काही बोटभर जागा उरते त्यात इंजिन बसवायचं. कॉस्टेलोने बोनेटलाच फुगवटा काढला होता. कंपनीने कार्ब्युरेटर मागे सरकवून बोनेट साधं ठेवलं. ऑइल फिल्टरला जागा उरली नाही म्हणून तो पाइप लावून बाजूला नेला. माउंटिंगचे रबर नवे. घरी काम करणारे लोक म्हणूनच आधी रिकामा ब्लॉक दहा-दहा वेळा आत-बाहेर करून बघतात, मापं घेतात, मग वेल्डिंगला हात लावतात.

दुसरी अडचण ताकद चाकापर्यंत नेण्याची. फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो जुन्या इंजिनापेक्षा सुमारे पावणेदोन पट. हा जोर क्लच प्लेटमधून, गिअरबॉक्समधून, प्रोपेलर शाफ्टमधून, क्राऊन-पिनियनमधून जाणार. यातला जो कच्चा असेल तो आधी तुटणार. एमजीबीचा मूळ गिअरबॉक्स चार सिलिंडरच्या हिशेबाने बनवलेला होता. कंपनीने सौम्य इंजिन का घेतलं त्याचं एक मोठं कारण हेच. गिअरबॉक्स वाचवायचा होता. घरी करणारे बहुतेक जण रोव्हरचाच पाच गिअरचा बॉक्स इंजिनासोबत घेतात. मग तो लांबीला वेगळा, म्हणून मधला बोगद्यासारखा पत्रा कापा, प्रोपेलर शाफ्ट मापाने लहान करून लेथवर नीट बॅलन्स करून घ्या. बॅलन्स नसलेला शाफ्ट ऐंशीच्या पुढे सगळी गाडी थरथरवतो.

क्राऊन-पिनियनचं गणित तर बरेच जण विसरतात. साध्या एमजीबीत शाफ्टचे ३.९ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. छोट्या इंजिनाला चढावर दम राहावा म्हणून हे ठेवलेलं. याच हिशेबाने टॉप गिअरला ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण ३,४०० फेरे फिरतं. कंपनीने व्ही एटला हे प्रमाण ३.०७ केलं. त्याच वेगाला इंजिन आता २,७०० च्या आसपास फिरतं. शांत चालतं, पेट्रोल कमी पितं. जुनंच प्रमाण ठेवलं तर पहिला गिअर टाकताक्षणी दुसरा मागतो आणि हायवेवर इंजिन विनाकारण ओरडत राहतं. ताकद असून उपयोग शून्य. आणि हो, हे प्रमाण बदललं की स्पीडोमीटरही खोटं सांगायला लागतो. तोही जुळवून घ्यावा लागतो.

तिसरी अडचण उष्णतेची. साडेतीन लिटरचं इंजिन छोट्या खोक्यात कोंबलं की ते तापणारच. कंपनीने रेडिएटर पुढे सरकवला आणि दोन इलेक्ट्रिक पंखे दिले. घरी बनवलेल्या बऱ्याच गाड्या पहिल्या उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये उकळतात. तेही इंग्लंडच्या उन्हाळ्यात. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्याचा विचार करा. अॅल्युमिनियमचं इंजिन जास्त तापलं की हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं आणि पाणी ऑइलमध्ये मिसळतं. बिडाचं इंजिन जी चूक एकदा माफ करतं, ती अॅल्युमिनियम करत नाही.

ब्रेक शेवटी का आठवतो?

सगळ्यात आधी लिहायची गोष्ट शेवटी आली, कारण बहुतेक जण ती शेवटीच करतात. कधी करतही नाहीत. ब्रेक.

वेग वाढला की ब्रेकवरचं काम वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी ८० ऐवजी १०० ने जात असाल तर गाडी थांबवायला ब्रेकला दीडपटीहून जास्त उष्णता पचवावी लागते. वेग फक्त २० ने वाढला, काम निम्म्याने वाढलं. १०० ऐवजी १५० ने गेलात तर सव्वादोन पट. म्हणून कंपनीने व्ही एटला पुढच्या चाकांच्या डिस्क जाड दिल्या, कॅलिपर मोठे दिले, टायर मजबूत दिले. घरी इंजिन बदलणाऱ्यांचे पैसे तोवर संपलेले असतात. इंजिन सुरू झालेलं असतं, आवाज भारी येत असतो आणि एक चक्कर मारल्याशिवाय राहवत नाही. पन्नास वर्षं जुने ब्रेकचे रबरी पाइप, जुनेच पॅड आणि पायाखाली नवी ताकद.

इंग्लंडमधले जाणते लोक म्हणून उलट्या क्रमाने काम करतात. आधी ब्रेक, सस्पेन्शन, पत्र्याचा गंज, मागचा एक्सल. मग रेडिएटर. इंजिन सगळ्यात शेवटी. त्यांना ते जमतं याचं एक कारण सामान मिळतं हे आहे. एमजीबी बंद होऊन पंचेचाळीस वर्षं झाली, तरी तिचा अख्खा नवा सांगाडा आजही जुन्याच साच्यांवर काढून विकला जातो. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी ते करते. आपल्याकडे जुन्या गाडीचा एक दरवाजा मिळवायचा तर चार जिल्ह्यांचे भंगारवाले पालथे घालावे लागतात.

नव्या जमान्याचं इंजिन घ्यायचं म्हटलं तर आणखी एक डोकेदुखी. त्याचा कॉम्प्युटर, सगळे सेन्सर, वायरिंगचा अख्खा गुच्छ आणि चावीतली चिप, हे सगळं त्याच गाडीतून उचलून आणावं लागतं. त्यातली एक तार चुकली तरी इंजिन स्टार्ट होत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला पेट्रोल, ठिणगी आणि हवा पुरायची.

आपल्याकडे काय झालं?

इंजिनबदल आपल्याकडेही झाला, आणि मोठ्या प्रमाणात. फक्त तो कंपन्यांनी केला. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा आठवत असेल. अंग इंग्लंडच्या जुन्या व्हॉक्सहॉल गाडीचं, आणि सुरुवातीला इंजिन तेच अँबेसिडरचं १४८९ सीसी. दिसायला ढाण्या वाघ, चढावर मात्र धापा टाकायची. मग जपानच्या इसुझुचं १८०० सीसीचं इंजिन टाकलं आणि गाडीचा स्वभावच पालटला. पुढे तेच इंजिन अँबेसिडरमध्येही आलं, सोबत पाच गिअरचा बॉक्स घेऊन. प्रीमियरने ११८ एनई काढली, तिचं अंग फियाटचं आणि इंजिन निस्सानचं. इंजिन एकटं आलं नाही, गिअरबॉक्सही सोबत आला, हे लक्षात घ्यावं.

गावात घडलेला इंजिनबदल म्हणजे जुन्या जिपांचा. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक जिपांमधलं मूळ पेट्रोल इंजिन निघालं आणि डिझेल बसलं. खर्च वाचला, पण डिझेल इंजिन जड. पुढचे पाटे दबले, स्टेअरिंग जड झालं, थरथरीने बॉडीच्या नटांनी जागा सोडली. एमजीसीचीच कहाणी, फक्त मुरमाच्या रस्त्यावर. त्या काळी कागद तपासणारे कमी होते, म्हणून ते खपून गेलं. आता तसं नाही.

कायदा काय म्हणतो

इंग्लंडमध्ये इंजिन बदललं की तिथल्या वाहन नोंदणी खात्याला कळवावं लागतं. नवा इंजिन नंबर, सीसी बदलली असेल तर ती, आणि सोबत पुरावा, म्हणजे इंजिनाचं बिल किंवा गॅरेजचं पत्र. विमा कंपनीलाही सांगावं लागतं. त्या व्हिडिओत हे कोणी दाखवत नाही, पण तिथली गाडी रस्त्यावर येते ती हे करून.

भारतात दार बरंच अरुंद आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने गाडीची जी माहिती दिली आणि जी आरसी बुकावर आहे, तिच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. इंजिन निकामी झालं आणि त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवायचं, ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी आरटीओकडे अर्ज करून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेता येतो. परवानगीआधीच इंजिन बदललं गेलं असेल, तर चौदा दिवसांच्या आत कळवायचं असं कलम सांगतं. इंधन बदलायलाही वाट आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचा मंजूर किट, मंजूर माणसाकडून, आणि आरसीवर नोंद. असे किट तपासून मंजूर करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच आहे.

पण चार सिलिंडरच्या गाडीत भलत्याच कंपनीचं आठ सिलिंडर? किंवा हजार सीसीच्या गाडीत दुसऱ्या गाडीचं दोन हजार सीसी? त्याला इथे वाट नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मिस्त्री सुटतो, आरसीवर ज्याचं नाव तो अडकतो.

पाच हजारांचा दंड ऐकून काही जण हसतात. "भरू की." त्यांनी पुढचं वाचावं.

प्रश्न अपघाताचा आहे. बदललेल्या इंजिनाच्या गाडीने कोणाला उडवलं, तर विमा कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबर आणि आरसी पडताळते. नंबर जुळला नाही, ताकद वेगळी निघाली, की स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो. समोरच्याची नुकसानभरपाई विमा कंपनीने आधी द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असे आदेशही न्यायालयं देतात. आणि ही वसुली साधी नाही. मोटार अपघात न्यायाधिकरण कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देऊ शकतं, मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे पोराच्या गाडीच्या नादाचा हिशेब तलाठ्याच्या दप्तरातून निघू शकतो. गाडी वडिलांच्या नावावर असेल, आणि बहुतेक घरी ती असतेच, तर नोटीस वडिलांच्या नावाने येते.

भंगारातून इंजिन आणताना आणखी एक धोका. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर प्रकरण आरटीओपुरतं राहत नाही. अगदी नियमात बसणारं, त्याच प्रकारचं इंजिन घेतानाही विकणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं पक्कं बिल, आणि ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची झेरॉक्स मागून घ्यावी. विकणारा द्यायला तयार नसेल तर इंजिन तिथेच ठेवून यावं, कितीही स्वस्त असलं तरी.

ज्यांना हौस आहेच त्यांच्यासाठी नियमात राहून करण्यासारखं बरंच आहे. जुन्या गाडीचं मूळ इंजिन पूर्ण खोलून बोअर, पिस्टन, हेड नवं करून घेतलं, कार्ब्युरेटर नीट लावला, ब्रेकचे सगळे रबर बदलले, नवे टायर टाकले, की निम्म्या लोकांना वाटतं गाडीत दुसरं इंजिन घातलंय. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, नंतर दर पाच वर्षांनी. तेव्हा आरटीओचा इन्स्पेक्टर बोनेट उघडतो, इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर पुसतो आणि हातातल्या आरसीशी एकेक अक्षर जुळवून बघतो.